गॅरेजची भुवई उतरलीय का?

प्रभात रोड, एरंडवणे, सहकारनगर... पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या गॅरेजमध्ये हल्ली गाडी सोडून सगळं सापडतं. आर्किटेक्टचं ऑफिस, योगा क्लास, केक स्टुडिओ, दोन मित्रांचं स्टार्टअप. भाड्याची कटकट नाही, म्हणजे सगळं बजेट इंटिरिअरला! पण फॉल्स सीलिंगचे कॅटलॉग चाळण्याआधी जरा बाहेर येऊन शटरच्या वरची आडवी रेष बघा. सरळ आहे?

हे लिंटेल. वरच्या भिंतीचं ओझं दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टाकणं हे त्याचं काम. खोलीच्या दारावर ते तीन फुटांचा गाळा पेलतं, गॅरेजवर नऊ-दहा फुटांचा. गंमत इथेच आहे. जाडी तीच, फुटामागे भारही तोच, पण गाळा दुप्पट झाला की वाक दुप्पट नाही, सोळापट होतो! त्यात छज्जातून पाणी झिरपत असेल तर आतली सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, मग तो काँक्रीटच फोडून बाहेर येतो. शटर मध्येच अडकतं, कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात आणि आपण बोलावतो कुणाला, तर शटरवाल्याला.

भेग जुनी की वाढती, हे कळायला सोपी युक्ती आहे. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली, तर हालचाल चालू आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन करा. मिस्त्री म्हणेलच, ‘साहेब, गिलावा मारून देतो, दिसणार पण नाही.’ नेमकी हीच भीती आहे. वर आई-बाबांची बेडरूम आहे हो!

नुसतं गंजाचं दुखणं असेल, तर सुटं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टरवर भागतं. लिंटेलच वाकलं असेल, तर बदलणं आलं. आधी आतला स्लॅब जॅकवर घ्यायचा. मग वरच्या भिंतीला भोकं पाडून आरपार लोखंडी गर्डर घालायचे आणि त्यांनाही दोन्हीकडून टेकू द्यायचे. हे झाल्याशिवाय जुन्या लिंटेलला छिन्नी लावू देऊ नका. उतरलेली भिंत जॅकने पूर्ववत वर ढकलायचा मोहही नको, नव्या भेगा पडतील.

नवीन तुळई लोखंडी असो की आरसीसी, दोन्ही टोकांना किमान सहा इंच भक्कम बैठक हवी. लोखंडी तुळई आणि वरची भिंत यांतली फट न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरून घ्या. कामगार घाई करतात ती इथेच, आणि मग भिंत पुन्हा बसते. आरसीसी जागेवर ओतलं असेल, तर टेकू निदान १४ दिवस हलवायचे नाहीत, पाणी मारत राहायचं. शटरचं माप मात्र हे सगळं आटोपल्यावरच द्या. उंची इंचभर तरी बदललेली असते.