चार बोटे उघडी खिडकी

आपण सोलापूरकर थंडीला पाहुणीसारखे वागवतो. ती चार दिवस येते, हुरडा खाते, गड्ड्याची जत्रा बघते आणि संक्रांत उलटली की निघून जाते. वर्षाचे उरलेले महिने आपल्याला उन्हाशी संसार करायचा असतो. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी थंड हवेच्या ठिकाणी घर असावे, ही इच्छा आपल्याकडे अनेकांच्या मनात असते. माझ्याही होती. पस्तीस वर्षे सोलापुरात दवाखाना चालवल्यावर दोन वर्षांपूर्वी मी तो बंद केला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई, आमच्या सौ. आणि मी असे तिघे वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला राहायला गेलो. त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. डॉक्टरच्या हातून होऊ नये अशी ती चूक होती, म्हणूनच आज ती वाचकांना सांगत आहे.

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवर आहे, तर पाचगणी सव्वाचार हजार फुटांच्या आसपास. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे केवळ उंचीमुळेच दोन्ही गावांत पाच-सहा अंशांचा फरक पडतो. निघताना अनेकांनी विचारले, "वरच्या विरळ हवेत आईंना दम लागणार नाही ना?" ही भीती अनाठायी आहे. विरळ हवेचा खरा त्रास बहुधा आठ हजार फुटांच्या वर सुरू होतो. पाचगणीत उंचीचा परिणाम जाणवला तो स्वयंपाकघरात. तिथे पाणी सुमारे ९६ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यातील तुरीची डाळ लवकर शिजेना. प्रेशर कुकर काढला आणि तो प्रश्न मिटला.

थंडीचा परिणाम मात्र शरीरावर दिसू लागला. आईचे वय चौऱ्याऐंशी. सोलापुरात तिचा रक्तदाब १३०-८० असे. दुसऱ्या आठवड्यात तो १५६-९० भरला. थंडीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो. हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके अधिक येतात, त्यामागचे हे एक कारण आहे. शिवाय तहान लागेना म्हणून ती दिवसभरात जेमतेम तीन पेले पाणी पिई. टाचांना भेगा पडल्या, गुडघे धरले. गोळ्यांची मात्रा थोडी वाढवली, वेळ ठरवून कोमट पाणी दिले, पायांत लोकरीचे मोजे घातले. हळूहळू जम बसू लागला.

अंगणातली आगटी

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडे आली. घर भरले. त्याच आठवड्यात सोलापूरच्या एका स्नेह्यांनी ज्वारीची कोवळी कणसे पाठवली. मग काय विचारता! अंगणात आगटी पेटवली. सौ.नी शेंगाची चटणी कुटली, गूळ काढला, दही घुसळले. आई खुर्चीत शाल पांघरून बसली आणि नातवंडांना कणीस कसे चोळायचे ते शिकवू लागली. डोंगरात आल्यापासून ती इतकी खुलली नव्हती. गाव सोडल्याचे दुःख ती बोलून दाखवत नसे, पण रोज सकाळी दिनदर्शिकेकडे बघून "गड्ड्याला किती दिवस राहिले?" असे विचारी.

रात्री दहाच्या सुमारास कडाक्याचा गारठा पडला. आई म्हणाली, "खोली नुसती बर्फ झालीय रे. ते निखारे वाया कशाला घालवतोस? शेगडीत भरून आत ठेव की."

सोलापूरहून सामानाबरोबर आलेली लोखंडी शेगडी होतीच. आगटीतले रसरशीत निखारे तिच्यात भरले, वर थोडे कोळसे टाकले, धूर पूर्ण जाईपर्यंत अंगणातच ठेवली आणि मग आईच्या खोलीत नेली. खिडक्यांच्या फटींतून वारा येत होता. भांडी गुंडाळून आणलेले याच दैनिकाचे जुने अंक कोपऱ्यात पडले होते. त्यांच्या घड्या करून मी स्वतः त्या फटींत बसवल्या. दहा वर्षांची नात हट्टाने पणजीच्या शेजारी झोपली. दार लावून घेतले. खोली छान उबदार झाली.

"त्या दोघींनाच का?"

पहाटे तीनच्या सुमारास नात रडत बाहेर आली. डोके ठणकतेय, मळमळतेय, म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन तिला उलटी झाली. मी म्हटले, हुरडा जास्त झाला. पित्ताची गोळी दिली, पाणी पाजले आणि परत जाऊन झोप म्हणून सांगितले. होय, त्याच खोलीत.

तेवढ्यात आमच्या सौ. उठून आल्या. त्यांनी विचारले, "आईंना कसे वाटतेय?" मी आत डोकावलो. आई म्हणाली, "डोकं जड झालंय," आणि पुन्हा डोळे मिटले. मी बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र आणले. करोनाच्या साथीत ते घरोघरी आले, तसे आमच्याकडेही होते. आकडा आला ९८. मी निश्चिंत झालो.

सौ. मात्र दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "हुरडा आपण सगळ्यांनीच खाल्ला. मग या खोलीतल्या दोघींनाच का त्रास?"

त्या एका प्रश्नाने माझी झोप उडाली. आजवर किती जणांना मी हे समजावून सांगितले असेल! कागदाचे बोळे उपसले, दारे-खिडक्या सताड उघडल्या, मुलाने शेगडी अंगणात नेली. नातीला बाहेर मोकळ्या हवेत बसवले. आईला हाका मारल्या तर ती नुसती हुंकार देत होती. तिला उचलून गाडीत घातले आणि गावातील रुग्णालय गाठले. तिथल्या तरुण डॉक्टरांना मी पहिले वाक्य सांगितले ते हे, "खोलीत कोळशाची शेगडी होती." त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता दोघींना मुखवट्यातून प्राणवायू सुरू केला.

उजाडताना आईने डोळे उघडले. मला बघून म्हणाली, "निखारे नीट झाकलेस ना रे? चादरीवर ठिणगी पडायची."

तिला आयुष्यभर भीती वाटत आली ती ठिणगीची. आपल्यापैकी बहुतेकांना तीच वाटते. खरा वैरी ठिणगी नव्हता, धूरही नव्हता.

धूर नाही म्हणजे धोका नाही?

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. बंद खोलीत हवा अपुरी पडू लागली की तो आणखी वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. लाकडाचा धूर निदान खोकला आणून माणसाला बाहेर काढतो. धूर गेलेले लाल निखारे मात्र गुपचूप काम करतात. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. रक्त वाहत राहते, पण मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. डोके दुखते, मळमळते, गरगरते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर हेही कळत नाही. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा १९०२ साली पॅरिसमधील राहत्या घरी याच वायूने अंत झाला.

मग यंत्राने ९८ कसे दाखवले? ते यंत्र रक्ताच्या लालीवरून अंदाज बांधते आणि हा वायू चिकटलेले रक्तही लालच असते. म्हणून अशा वेळी त्या आकड्यावर विसंबू नये. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास. रुग्णालयात नेण्याची घाई करायची ती यासाठी.

मला अधिक खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. क्षयावर औषधे नव्हती त्या काळात मोकळी हवा हाच मोठा उपचार मानला जाई आणि थंडीतसुद्धा रुग्णांना उघड्या व्हरांड्यात, उघड्या खिडक्यांशी झोपवीत. पाचगणीचे नाव झाले ते तिथल्या हवेमुळे. ती हवा खायला मी आईला तिथवर नेले आणि पहिल्याच महिन्यात तिच्या खिडकीच्या फटी कागदाने बुजवल्या.

एवढे लक्षात ठेवा

थंड गावी घर केलेले असो, सुट्टीत चार दिवस खोली घेतलेली असो किंवा सोलापुरातच रात्रपाळीच्या चौकीत बसायचे असो, शेगडी, घमेले किंवा कोळशाची चूल झोपायच्या खोलीत कदापि नेऊ नये. शेकायचे ते अंगणात. निखारे विझल्यासारखे दिसले तरी राख पूर्ण थंड होईपर्यंत ते बाहेरच राहू द्यावेत. गॅसवर चालणारा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या जागी बसवावा. पाहुणे आले की आंघोळीमागून आंघोळी होतात, तेव्हा विशेष जपावे. या वायूची सूचना देणारे छोटे यंत्र बाजारात मिळते, ते घरात असलेले बरे.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेरच्या हवेत बरे वाटू लागले, तर पित्त म्हणून सोडून देऊ नये. आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसांना बाहेर काढावे, मग रुग्णालय गाठावे आणि शेगडीची किंवा गिझरची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी.

उबेसाठी एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. कान आणि पाय झाकावेत. झोपण्यापूर्वी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवावी. सकाळी कोवळ्या उन्हात बसावे. रक्तदाब असणाऱ्यांनी थंड गावी गेल्यावर पहिले पंधरा दिवस तो वरचेवर तपासून घ्यावा. औषधाची मात्रा मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये.

गड्ड्याची परीक्षा

या विषबाधेतून उठलेल्या काहींना दोन-तीन आठवड्यांनी विसरायला होते, वागण्यात फरक पडतो. त्यामुळे आईवर माझे लक्ष होते. जानेवारी उजाडला तशी तिने सोलापूरला जायचा धोशा लावला. मी मुद्दाम तिची परीक्षा घेतली. म्हटले, "गड्ड्यात आधी अक्षता की आधी होम, मला आठवत नाही बुवा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सोलापूरचा ना तू? पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम आणि मग शोभेचं दारूकाम. आणि नंदीध्वज किती ते विचारू नकोस, सात!"

मला हसू आले आणि डोळेही भरून आले. संक्रांतीला आम्ही तिला सोलापूरला आणले. गर्दीपासून दूर खुर्ची टाकून तिने नंदीध्वज डोळे भरून पाहिले आणि आठवड्याने आमच्याबरोबर आनंदाने डोंगरावर परतली.

ती शेगडी आता अंगणात असते, तिच्यात तुळस लावली आहे. आईच्या खोलीची खिडकी कडाक्याच्या थंडीतही चार बोटे उघडी असते. तिचे अंथरूण वाऱ्याच्या झोतातून हलवून आतल्या भिंतीशी घेतले आहे आणि अंगावर एक गोधडी जास्त आहे. दिवा मालवायच्या आधी ती रोज न चुकता विचारते, "चार बोटं आहे ना रे?" आणि मी उठून, खिडकीच्या फटीत खरोखर चार बोटे घालून बघतो.