कटरच्या तोंडाशी फुंकर

मिलिंग मशीनवरचा कीस हवेने उडवावा का, असं परभणीतल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, तो नाहीच म्हणेल. "हवा कशाला मारू लालेत? सगळा कीस स्लाइडमध्ये घालू लालेत तुम्ही," असं जिंतूर रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये मला ऐकवलं गेलं आणि हातात ब्रश आला. मशीन झाडण्यापुरतं हे म्हणणं बिनतोड आहे. माझा आग्रह आहे तो कटर फिरत असतानाच्या हवेचा.

इतिहास थोडक्यात उरकतो. अमेरिकेत ब्राउन अँड शार्पने १८६२ मध्ये युनिव्हर्सल मिलिंग मशीन आणलं, आपल्याकडे १९५३ मध्ये एचएमटी स्थापन झाली. आता तर घरच्या टेबलावर मावेल एवढं मिलिंग मशीनही मिळतं. मोठ्या मशीनवर कूलंटची धार कीस वाहून नेते. घरच्या खोलीत तो चिखल कोण करणार? म्हणून हवा.

सहा मिलिमीटरचा, दोन धारांचा एंडमिल मिनिटाला ३००० फेऱ्या फिरवा. दर सेकंदाला शंभर कपच्या पडतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये खोल खाच काढताना त्यांना बाहेर पडायला जागाच नसते. कटर त्याच कपच्या पुन्हा चावतो, त्या तापतात, मऊ पडतात आणि धारेला चिकटतात. आधी आवाज बदलतो, खाचेच्या भिंतीवर ओरखडे येतात, मग कट्‌कन कटर मोडतो. तिथे बारीक फुंकर सतत लागली की खाच रिकामी राहते, धारही थोडी थंड राहते. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल लावायची आपल्याकडची रीत उत्तम, मात्र रॉकेल मशीन थांबवून, ब्रशने लावावं. फवारलेलं रॉकेल छातीत जातं आणि पेटूही शकतं.

आता माझा लाडका विषय, नोझल. एक मिलिमीटरच्या भोकातून दोन बार दाबाने मिनिटाला साधारण २५ ते ३० लिटर हवा जाते. भोक दोन मिलिमीटरचं केलं की चौपट! एक हॉर्सपॉवरच्या कॉम्प्रेसरला तिथे धाप लागते आणि तो सारखा धडधडत राहतो. म्हणून भोक लहान ठेवा आणि तोंड कटरच्या अगदी जवळ आणा. मी तांब्याची बारीक नळी हाताने वाकवून स्पिंडलच्या डोक्याला बांधली आहे. डोकं खालीवर झालं तरी नेम चुकत नाही. खाच ज्या बाजूला मोकळी असेल तिकडे कीस ढकलला जाईल, असा कोन द्यायचा. रात्री गल्ली झोपलेली असते तेव्हा मत्स्यालयाचा मोठा पंप लावतो. जोर कमी असतो, पण उथळ कामाला तेवढा पुरतो.

पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं. हवा दाबून गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होते आणि ते पाणी नळीतून थेट टेबलावर येतं. टी-स्लॉटमध्ये सकाळी तांबूस डाग दिसले, तर समजा की ड्रेन कॉक उघडायचा राहिला. नळीवर पाण्याचा फिल्टर हवाच.

झाडायचं असेल तेव्हा फुंकण्यापेक्षा ओढणं बरं. सेलू-मानवतकडच्या जिनिंगमध्ये पंख्याची ओढ कापूस पाइपातून नेते, तेच काम घरी व्हॅक्यूम क्लीनर करतो. बिडाला तर हवा दाखवूच नका. त्याची काळी भुकटी तेलात मिसळून स्लाइडला पॉलिश पेपरसारखी घासते. तिथे पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवायचं. पिशवी उलटी केली की भुकटी आतच राहते.

अमेरिकेच्या नियमात सफाईच्या हवेला ३० पीएसआयच्या आत, म्हणजे जवळपास दोन बारची मर्यादा आहे, शिवाय कीस अडवणारा आडोसा आणि चष्मा बंधनकारक. आपल्याकडे मात्र संध्याकाळी हवेच्या गनने अंगावरचे कपडे झाडतात! जोरदार हवा कातडीतून शरीरात शिरू शकते, डोळ्यांचं तर बोलायलाच नको. रेग्युलेटर आधी घ्या, हौसेची बाकी हत्यारं नंतर. नळीच्या समोर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा उभा केला की कीस समोरच्या भिंतीऐवजी खालच्या ट्रेमध्ये पडतो.