वार आणि गर्भारपणातला रक्तदाब

मूल जन्मले की थोड्या वेळाने वार पडते. ती पुरी पडली का, हे सुईण पाहते. म्हशीचा जार पडेपर्यंत तर आपण गोठ्यात बसून राहतो. पण या वारेने नऊ महिने काय काम केले, हे कोणी विचारीत नाही.  

वार दिसायला जाड भाकरीसारखी, गोल आणि चपटी. रुंदीला वीतभर. दिवस भरले असतील तर वजन सुमारे अर्धा किलो. तिची एक बाजू गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली, दुसऱ्या बाजूला नाळ. पोटातल्या मुलाला श्वास घेता येत नाही, खाता येत नाही. आईच्या रक्तातला प्राणवायू आणि अन्न वार घेते व नाळेतून बाळाला पोचविते. मात्र आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये पातळ पडदा असतो. तो पेशींचा बनलेला.

पेशी म्हणजे काय? घर विटांचे, तसे शरीर पेशींचे. फक्त या विटा जिवंत असतात. जुन्या मरतात, नव्या येतात. झाडाची पिकली पाने गळतात, तसेच. वारेतही रोज काही पेशी मरतात. त्यात भिण्यासारखे काही नाही.

बिघडते ते असे. पहिल्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या आईच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. पाचव्या महिन्यापर्यंत हे काम होते. काही बायांचे ते अर्धवट राहते. पाट अरुंद राहिला तर शेवटच्या खाचरातली रोपे पिवळी पडतात ना? तसेच वारेला रक्त कमी पडते. पेशी वेळेआधी आणि फार मरू लागतात. बाळाची वाढ खुंटते.

एवढ्यावर थांबत नाही. मेलेल्या पेशींचे बारीक तुकडे आणि वारेतून सुटलेली काही द्रव्ये आईच्या रक्तात जातात. तिच्या रक्तवाहिन्या आतून दुखावतात. मग रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जातात. डॉक्टर याला प्री-एक्लाम्पसिया म्हणतात. पुण्याच्या भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बायांच्या वारा तपासल्या आहेत. मधला भाग वेगळा, काठाचा वेगळा, असे तुकडे घेऊन. आपण जी वस्तू खड्ड्यात पुरतो, तिच्यात एवढे वाचण्यासारखे असते!

हा त्रास कोणाला होतो? पहिलटकरणीला, जुळे असेल तर, आधीपासून रक्तदाब किंवा साखर असेल तर, मागच्या खेपेला झाला असेल तर जास्त. पण कधी यातले काहीच नसते, तरी होतो. म्हणून "ग्रहणात काय चिरलंस? कुठे गेली होतीस?" असे सुनेला विचारू नये. तिचा काही दोष नाही. मिश्री मात्र सोडावी. तंबाखूने बाळाचे वजन घटते.

पाय थोडे सुजणे नेहमीचे आहे. पण तोंड आणि हात एकदम सुजले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, उजव्या बरगडीखाली कळ आली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर डॉक्टरांना दाखवावेच. कधी कधी बाईला काहीच वाटत नाही आणि दाब चढलेला असतो. म्हणून दर खेपेला दाब आणि लघवी तपासून घ्यावी. ज्या बाईला धोका जास्त, तिला डॉक्टर चौथ्या महिन्याच्या आत अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात. आपल्या मनाने ती घेऊ नये. सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात.

दाब फार चढला तर आकडी येते. वाड्यांवर अजून कोणी म्हणते, "बाहेरचं आहे." लिंबू उतरतात. तेवढ्यात बाई हातची जाते. आकडी आली तर बाईला डाव्या कुशीवर निजवावे. तोंडात चमचा घालू नये, चप्पल हुंगवू नये. १०८ ला फोन करावा. आकडीवर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन आहे, ते फार गुणकारी.

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी शिरले, पोलादपूरकडे दरडी कोसळल्या, रस्ते बंद झाले. दाब असलेल्या बाईचे दिवस पावसाळ्यात भरत असतील, तर तिला आधीच दवाखान्याजवळच्या नातलगाकडे आणून ठेवावे. डोलीतून उतरवायची वेळ येऊ देऊ नये.

या दुखण्याचा खरा उपाय एकच: बाळंतपण. वार बाहेर पडली की दाब हळूहळू उतरतो. पण लगेच नाही. बाळंतपणानंतरही आकडी येऊ शकते, पहिल्या काही दिवसांत विशेष. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळ बघायला घरी येतात. तेव्हा बाळंतिणीचे डोके दुखते का, दिसते नीट का, हेही त्यांना सांगावे, आणि नर्सबाईंकडून दाब मोजून घ्यावा.