रिकामा प्रोसेसर किती गाढ झोपतो?

सौंसर किंवा पांढुर्ण्यातल्या कुठल्याही एमपी ऑनलाइनच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा. समग्र आयडीची ई-केवायसी करायला आलेला संत्रा बागायतदार अंगठा धोतराला पुसून पुन्हा मशीनवर ठेवतो, दुकानातला पोरगा ओटीपीची वाट बघतो. तो भराभर टाईप करत असला, सेकंदाला पाच अक्षरं दाबत असला, तरी दोन अक्षरांमध्ये २०० मिलिसेकंद जातात. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ही ६० कोटी ठोक्यांची सुट्टी. कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या शेड्यूलरकडे चालवायला काही उरलं नाही, की तो ‘आयडल टास्क’ला बोलावतो. आज तिच्याबद्दल.

डॉसच्या काळात प्रोग्रॅम कीबोर्डची वाट बघताना बहुधा त्याच त्या दोन-चार सूचनांत गरगर फिरत राही. काम शून्य, वीज पुरेपूर. ‘थांब, कुणी हाक मारली की ऊठ’ असं सांगणारी हॉल्ट ही सूचना तर इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ मध्येही होती.

ती वापरायची म्हणजे एक ओळ लिहायची, असं वाटतं. पण ऑपरेटिंग सिस्टीम बघते: काम आहे का? नाही. मग हॉल्ट. या दोन पावलांच्या मधोमध अंगठ्याच्या मशीनचा इंटरप्ट, म्हणजे हीच हाक, आला तर? काम आलेलं आहे आणि प्रोसेसर तरी झोपला! म्हणून आधी इंटरप्ट बंद करायचे, मग बघायचं, आणि अगदी झोपताना ते उघडायचे. एक्स-८६ मध्ये इंटरप्ट उघडणारी एसटीआय ही सूचना पुढची एक सूचना सुरू होईपर्यंत कुणाला आत घेत नाही. एसटीआयला चिकटून हॉल्ट लिहिलं की फट बुजते. कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली, मला सगळ्यांत आवडणारी जोडी हीच.

झोपेचेही थर असतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणलेल्या एसीपीआय या मानकाने त्यांना सी-१, सी-२, सी-३ अशी नावं दिली. पुढे आणखी खोल थर आले. जितकं खोल, तितकं जास्त बंद: आधी घड्याळाचे ठोके, मग कॅश, शेवटी व्होल्टेज. उठायला वेळही तितकाच जास्त. स्कायलेक प्रोसेसरसाठी लिनक्सच्या तक्त्यात सी-१ मधून जागं व्हायला २ मायक्रोसेकंद लिहिलेत, सी-६ मधून ८५; आणि निदान २०० मायक्रोसेकंद झोप मिळणार नसेल तर सी-६ परवडतच नाही. वखरणी करताना पाणी प्यायला थांबलो तर बैल जुंपलेलेच राहतात, भाकरीला बसायचं असेल तरच सोडतो, तसाच हा हिशेब.

पण सुट्टी किती मोठी हे आधी कळणार कसं? अंदाजाने. जानेवारी २००८ च्या लिनक्स २.६.२४ मध्ये आलेल्या सीपीयूआयडल या रचनेत हे काम ‘गव्हर्नर’ करतो. त्यांतला ‘मेन्यू’ गव्हर्नर पुढचा टायमर कधी वाजणार ते बघतो, मग गेल्या आठ झोपा किती टिकल्या ते बघून तो आकडा खाली ओढतो. अंगठा कधी उमटेल हे कुठल्याच टायमरला माहीत नसतं, म्हणून ही दुरुस्ती.

त्याआधी एक अडथळा काढावा लागला होता. काम असो-नसो, कर्नल स्वतःच सेकंदाला १००, २५० किंवा १००० वेळा टिक देऊन प्रोसेसरला उठवत असे. एप्रिल २००७ च्या २.६.२१ पासून रिकामपणी ही टिक थांबवायची सोय झाली. त्यातही गोम निघाली: जुन्या प्रोसेसरांत सी-३ मध्ये गेलं की कोअरचा स्वतःचा टायमरच बंद पडे. मग उठवायचं काम बाहेरच्या घड्याळाकडे सोपवावं लागलं.

दुकानातल्या डेस्कटॉपवर मॉनिटरच इतका खातो की या बचतीचं कौतुक कुणाला वाटणार नाही. ती जाणवते लॅपटॉपवर, मोबाईलवर. तिथेही कर्नलने कितीही पांघरूण घातलं तरी एखादा प्रोग्रॅम ‘नवीन काही आलं का?’ म्हणून सेकंदाला शंभरदा उठत असेल, तर प्रोसेसरही तितक्यांदा उठणार. इंटेलने २००७ मध्ये काढलेलं पॉवरटॉप हे साधन असे चोर नावानिशी दाखवतं.