घरचे गॅरेज (लेखांक ७) : वायपरची मोटर बदलण्याआधी

गेल्या आठवड्यात फ्यूज आणि रिले पाहिले. आज वायपरची मोटर. ही मोटर घरी बदलता येते. पण वायपर थांबला म्हणजे मोटर गेली, हा समज आधी तपासायला हवा, आणि धाराशिव जिल्ह्यात तर जास्तच. पर्जन्यछायेतल्या या भागात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. पुढचे सात-आठ महिने वायपर जवळजवळ बसूनच असतो. तेवढ्या काळात काचेखालच्या प्लॅस्टिकच्या झाकणाआड धूळ आणि वाळका पाला साचतो, दांड्यांच्या सांध्यांतले ग्रीस सुकते. मृगाच्या पहिल्या सरीला पाते अर्ध्या काचेवर अडकले, की खापर मोटरवर फुटते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

खरा चोर ओळखणे अवघड नाही. मोटर गोल फिरते. तिच्या दंडावरची क्रँक आणि तिला जोडलेल्या दांड्या त्या फिरण्याचे पात्याच्या येरझाऱ्यांत रूपांतर करतात. म्हणून आवाज येतो पण पाते हलत नाही, तेव्हा दांडीचा सांधा निसटलेला असतो किंवा पात्याच्या मुळाशी असलेला नट ढिला झालेला असतो. आवाजच नसेल तर फ्यूज पाहावा, मग स्विच चालू ठेवून मोटरच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावावा. तिथे १२ व्होल्ट पोचत असतील, अर्थिंग ठीक असेल आणि तरी मोटर गप्प असेल, तरच संशय मोटरवर. पाते रडतखडत चालत असेल, तर क्रँक सोडवून दांड्या हाताने हलवाव्यात. त्या जड असतील आणि मोटर एकटी सहज फिरत असेल, तर दोष दांड्यांचा. अशा दांड्यांवर नवी मोटर बसवली, तर तीही जास्त करंट ओढून तापेल आणि लवकर जाईल.

मोटरच दोषी ठरली, तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढूनच काम सुरू करावे. पात्यांची जागा काचेवर टेपने आखावी, झाकणाच्या क्लिपा जपून काढाव्यात. उन्हाने त्या ठिसूळ झालेल्या असतात. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नवी मोटर क्रँक न लावता जोडावी, बॅटरी जोडून एकदा चालवावी आणि स्विचनेच बंद करावी. ती आपल्या थांब्याच्या जागी येऊन थांबते. मग बॅटरी पुन्हा सोडून क्रँक जुन्याच कोनात बसवावी. हे चुकले, तर स्विच बंद केल्यावर पाती काचेच्या मधोमध उभी राहतात.

यावर आक्षेप असा, की वायपर सुरक्षेचा भाग आहे. तुळजापूरच्या घाटात धो-धो पावसात तो थांबला तर? आक्षेप रास्त आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही वायपर आवश्यक मानला आहे. पण या आक्षेपाचे उत्तर चाचणीत आहे. काम कुणीही केले, तरी ओल्या काचेवर दोन्ही वेगांत दहा मिनिटे चालवून पाहिल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये. ज्या गाड्यांत मोटर पावसाच्या सेन्सरशी किंवा गाडीच्या संगणकाशी जोडलेली असते, त्या मात्र जाणकाराकडेच न्याव्यात. बाकीच्यांनी हे काम मे महिन्यातच उरकावे. पाऊस सुरू झाल्यावर घाई होते, आणि निदान घाईतच चुकते.

पुढील आठवड्यात : वॉशरचा पंप आणि तुंबलेले नोझल.