डाउनलोड पळतंय, अपलोड रांगतंय; फाईल नेमकी कुठं अडते ते असं शोधा

लग्नसराई आली की गावोगावच्या शूटिंगवाल्या पोरांची एकच ओरड असते. शूटिंग झालं, एडिटिंग झालं, आता सहा जीबीची फाईल शहरातल्या अल्बमवाल्याला पाठवायची. रात्री अपलोड लावून झोपायचं आणि सकाळी बघावं तर फाईल निम्म्यावरच. तिकडून नवरीच्या वडिलांचा फोन, 'अल्बम कधी मिळणार?' शेवटी पेनड्राइव्ह पाकिटात घालून कुणा जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती द्यायचा. घरात वायफाय आहे, यूट्यूब लगेच चालू होतं, मग फाईलच का जात नाही?

येणारं पाणी वेगळं, जाणारं वेगळं

यूट्यूब बघताना माहिती आपल्याकडं येते, ते डाउनलोड. फाईल पाठवताना ती आपल्याकडून जाते, ते अपलोड. दोन्हींचा वेग वेगवेगळा असू शकतो. टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडला अपलोड साधारण एक एमबीपीएसच्या आतबाहेरच मिळतं. फायबरवर ते बरंच जास्त मिळतं, पण प्रत्येक प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखेच असतील असं नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेक वेळा डाउनलोडचा आकडा. सरकारने जानेवारी 2023 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग 2 एमबीपीएस केला, तोही डाउनलोडचाच. त्यामुळं कनेक्शन घेताना 'अपलोड किती देणार?' हे वेगळं विचारून घ्या.

आधी हिशोब, मग तक्रार

कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये, सॉफ्टवेअर दाखवतं मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे 10 एमबीपीएसच्या अपलोडवर सॉफ्टवेअरमध्ये सेकंदाला सव्वा मेगाबाइटच दिसणार. तो बिघाड नव्हे. या वेगाने सहा जीबीची फाईल जायला किमान 80 मिनिटं लागतात. तीच एक एमबीपीएसच्या लाईनवर 13 तासांपेक्षा जास्त वेळ घेते. तुमची फाईल हिशोबाप्रमाणेच जात असेल, तर सेटिंगमध्ये बोटं घालून उपयोग नाही, प्लॅनच बदलावा लागेल.

लाईन की वायफाय?

ठिबकला पाणी आलं नाही तर आपण आधी मोटार बघतो, मग फिल्टर, मग व्हॉल्व्ह, मग नळी. इथंही तसंच एकेक तपासा.

घरातले बाकी सगळे मोबाईल वायफायवरून काढा. लॅपटॉप राऊटरला लॅन केबलने जोडा आणि स्पीड टेस्ट करा. अपलोडचा आकडा वहीत लिहा. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास अशी तीनदा टेस्ट घ्या. नंतर हेच वायफायवर करा.

केबलवर वेग चांगला आणि वायफायवर कमी, तर दोष वायफायचा. राऊटर लोखंडी कपाटात, फ्रीजमागं किंवा जाड दगडी भिंतीआड असेल तर तो उंच आणि मोकळ्या जागी ठेवा. राऊटरची दोन नावं दिसत असतील तर जवळ बसून काम करताना 5 गिगाहर्ट्झवालं घ्या. ते वेगवान असतं, पण भिंतीपलीकडं कमी पोचतं. दूरच्या खोलीत 2.4 बरं. मोठी फाईल पाठवायची असेल तर केबल सगळ्यात उत्तम.

केबलवरही वेग कमीच असेल तर आधी दुसरी लॅन केबल लावून बघा. मग फायबरची बारीक वायर बघा. ती खिळ्याला कचकन वाकवलेली किंवा दाराच्या फटीत दबलेली असेल तर आतला प्रकाश गळतो आणि सिग्नल कमजोर होतो. मात्र ती स्वतः ओढू नका, लाईनमनला बोलवा.

गुपचूप पाणी ओढणारे

घराला किंवा गोठ्याला लावलेला सीसीटीव्ही क्लाउडवर रेकॉर्डिंग करत असेल तर तो सारखा अपलोडच करत असतो. मोबाईलमधल्या फोटोंचा आपोआप होणारा बॅकअपही तसाच. फाईल जाईपर्यंत हे थांबवा. चार तास अडलेली फाईल एवढ्यानेच सुटू शकते.

सॉफ्टवेअरमध्ये काय बघायचं?

कॉम्प्युटरवरच्या गुगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडवर मर्यादा घालण्याची सोय असते. कधीतरी कुणी ती लावून ठेवलेली असते, ती काढा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. दोन हजार फोटो सुटे पाठवू नका. झिप करून चार-पाच फाईल करा. फोटोंचा आकार फारसा कमी होणार नाही, पण प्रत्येक फोटोमागं जाणारा वेळ वाचेल.

क्यूबिटटोरंटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र उलटं आहे. तिथं अपलोड पूर्ण मोकळं सोडू नका. माहिती मिळाल्याची पोच अपलोडच्याच वाटेने जाते. ती वाट तुंबली की डाउनलोडही अडखळतं आणि घरातले सगळे ओरडू लागतात. स्पीड टेस्टमध्ये आलेल्या अपलोडच्या 80 टक्क्यांवर मर्यादा लावा. 10 एमबीपीएस असेल तर साधारण 1000 केबी.

एवढं करूनही टोरंट हलत नसेल तर पत्त्याचा घोळ असू शकतो. अनेक कंपन्या बऱ्याच घरांना मिळून इंटरनेटवरचा एकच पत्ता देतात. मग बाहेरच्याला थेट तुमच्या घराचं दार सापडत नाही. राऊटरमधला वॅन आयपी आणि नेटवर 'माय आयपी' शोधल्यावर दिसणारा आयपी वेगळा असेल तर हाच प्रकार समजा. आयपीव्ही6 चालू करून बघा किंवा कंपनीकडं पब्लिक आयपी मागा, त्याला जादा पैसे पडू शकतात. तेही नको असेल तर सरळ ड्राइव्ह वापरा. आणखी एक, टोरंटवर डाउनलोड करताना आपल्याकडून अपलोडही होत असतं. त्यामुळं फक्त स्वतःच्या हक्काच्या फाईलच द्या-घ्या. दुसऱ्याचा सिनेमा असा वाटणं कॉपीराइट कायद्यात बसत नाही.

तक्रार करताना

केबलवर घेतलेल्या तीन टेस्टचे स्क्रीनशॉट ठेवा. कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून डॉकेट नंबर घ्या. नुसतं 'नेट स्लो आहे' म्हणू नका. 'अपलोड इतकं ठरलं होतं, केबलवर इतकंच मिळतं' असं सांगा. दाद लागली नाही तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं.

फॉर्म भरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. शिष्यवृत्ती किंवा पीक विम्याची कागदपत्रं दोन-चार एमबीचीच असतात. स्पीड टेस्ट बरी येते आणि तरी फॉर्म फिरतच राहतो, तर अडचण बहुधा पलीकडच्या साईटवर आहे. राऊटर बंद-चालू करत बसू नका, पहाटे गर्दी नसताना प्रयत्न करा. आणि मोठी फाईल पाठवायची असेल तर आदल्या दिवशी 100 एमबीची एक फाईल पाठवून बघा. 10 एमबीपीएसवर ती दीडेक मिनिटात गेली पाहिजे. नाही गेली तर तपासायला एक दिवस हातात राहतो.