चार सेंटिमीटरांचा व्यवहार

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाशेजारच्या दुकानातून मी आलेखाची वही घेतली आणि पैसे देण्यासाठी माझा मोबाईल फोन काउंटरवरच्या लहानशा यंत्राजवळ नेला. यंत्राने बारीकसा आवाज केला, पावती बाहेर आली आणि व्यवहार संपला. माझ्या मागे अकरावीतला एक विद्यार्थी उभा होता. तो म्हणाला, "सर, फोनला बॅटरी असते, ते समजले. पण माझे बाबा नुसते प्लॅस्टिकचे कार्डसुद्धा असेच टेकवतात. त्या कार्डात सेल कुठे असतो?" मी उत्तर देणार तोच त्याने दुसरा प्रश्न टाकला. "आणि आई म्हणते, गर्दीत कोणी असे यंत्र खिशाजवळ आणले तर आपले पैसे जातील. तिने तिचे कार्ड अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ठेवले आहे. ते बरोबर आहे का?"

पहिला प्रश्न भौतिकीचा आणि दुसरा घरातला, असे वरवर वाटते. पण पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचे मिळत नाही. तेव्हा क्रमाने जाऊ.

आधी एक घोटाळा दूर करू. भाजीवाल्याच्या गाडीवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे चित्र लावलेले असते, ते क्यूआर चित्र. फोनचा कॅमेरा ते वाचतो, त्यावरून पैसे कोणाला द्यायचे ते कळते आणि पुढचे काम इंटरनेटवरून होते. तेथे प्रकाशाचे काम आहे. आपण येथे बोलत आहोत ते फोन किंवा कार्ड यंत्राजवळ नेऊन पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल. हिला एनएफसी, म्हणजे नियर फील्ड कम्युनिकेशन, असे नाव आहे. येथे काम करते ते चुंबकीय क्षेत्र.

कार्डात सेल नसतो. मुदत संपलेले एखादे कार्ड प्रखर टॉर्चसमोर धरून पाहा. काही कार्डांत कडेकडेने फिरलेली बारीक तार दिसते. चार-पाच वेढ्यांचे हे आयताकृती वेटोळे आणि त्याला जोडलेली हरभऱ्याच्या डाळीएवढी चिप, एवढाच कार्डाचा संसार. दुकानातील यंत्रातही असेच एक वेटोळे असते आणि त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह वाहत असतो. मायकेल फॅरडेने ऑगस्ट १८३१ मध्ये दाखवून दिले, की एका वेटोळ्यातील प्रवाह बदलला तर शेजारच्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. तुमच्या गल्लीतील विजेचे रोहित्र याच तत्त्वावर चालते. यंत्र आणि कार्ड मिळून एक रोहित्रच होते. फक्त त्यात लोखंडाचा गाभा नाही आणि दोन वेटोळी दोन वेगवेगळ्या मालकांची आहेत!

आता जरा आकडे पाहू, कारण गंमत आकड्यांतच आहे. ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कार्डाला चालण्यासाठी जेवढे किमान क्षेत्र पुरले पाहिजे, ते जेमतेम १.९ मायक्रोटेस्ला असते. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या क्षेत्राच्या विसाव्या हिश्श्यावर कार्डाची चिप जागी होते. हे कसे शक्य आहे? पृथ्वीचे क्षेत्र स्थिर आहे आणि यंत्राचे क्षेत्र बदलते, तेही केवढ्या वेगाने! त्याची कंप्रता १३.५६ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे दर सेकंदास १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तने. वेटोळ्यात निर्माण होणारा दाब क्षेत्र बदलण्याच्या वेगावर अवलंबून असतो. कार्डावरील वेटोळ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३४ चौरस सेंटिमीटर धरले, तर प्रत्येक वेढ्यात साधारण अर्धा व्होल्ट दाब मिळतो. तेच क्षेत्र घरातल्या विजेप्रमाणे ५० हर्ट्झने बदलले असते, तर हाती आले असते दोन मायक्रोव्होल्ट! चार-पाच वेढे, त्यात धारित्र जोडून साधलेला अनुनाद, आणि चिपला लागणारे व्होल्ट तयार. कार्ड यंत्रापासून दूर नेले की चिप पुन्हा झोपली.

चिप जागी झाली. पण ती बोलते कशी? तिच्याकडे स्वतःची ताकद नाही, मग ती संदेश पाठवणार कशाच्या बळावर?

येथे मला आजोबांची सायकल आठवते. तिच्या मागच्या चाकाला डायनामो होता. रात्री दिवा लावण्यासाठी डायनामो चाकाला टेकवला, की पायडल जड होई. आता अशी कल्पना करा, की डायनामो चाकाला टेकलेलाच आहे, तुम्ही डोळे मिटून सायकल मारत आहात आणि मागे कॅरिअरवर बसलेल्या मित्राच्या हातात दिव्याचे बटण आहे. त्याने दिवा लावला की तुमच्या पायांना जड लागेल, विझवला की हलके. तो एक शब्दही बोलला नाही तरी जड-हलके, जड-हलके अशा भाषेत तुम्हाला निरोप कळेल. आणि त्यासाठी लागणारी सारी ताकद कोणाची? तुमच्याच पायांची!

कार्ड नेमके हेच करते. चिप आपल्या वेटोळ्यावरचा रोध क्षणात जोडते, क्षणात काढते. त्यामुळे यंत्राच्या वेटोळ्यावरचा भार किंचित वाढतो, कमी होतो, आणि यंत्र तो सूक्ष्म बदल ओळखते. या जड-हलक्यातून एका सेकंदात सुमारे १ लाख ६ हजार द्विमान अंक जातात. पैसे देताना फोनही कार्डाचेच सोंग घेतो. त्याच्या पाठीमागे असेच वेटोळे असते. मात्र ते सगळीकडे पसरलेले नसून काही फोनांत वरच्या कडेशी, काहींत मध्यावर असते. दुकानात पुष्कळ लोक फोन यंत्रावर इकडून तिकडे घासत असतात, त्याचे कारण हे. वेटोळे कोठे आहे ते एकदा शोधून ठेवले की घासावे लागत नाही.

आता आईंचा प्रश्न. यंत्र किती दूरवरून कार्डाला जागे करू शकेल? येथे नववीतले पायथागोरसच पुरतील.

यंत्राचे वेटोळे ३ सेंटिमीटर त्रिज्येचे, वर्तुळाकार आहे असे धरा. त्याच्या अक्षावर एखाद्या बिंदूपाशी क्षेत्र किती, हे त्या बिंदूपासून तारेपर्यंतच्या अंतराच्या घनावर ठरते: क्षेत्र त्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. मध्यबिंदूपाशी हे अंतर ३ सेंटिमीटर, त्याचा घन २७. आता अक्षावर ४ सेंटिमीटर वर या. तारेपर्यंतचे अंतर झाले ५ सेंटिमीटर (३, ४, ५ चा ओळखीचा त्रिकोण), घन १२५. म्हणजे क्षेत्र जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर आले. आणि ३० सेंटिमीटरवर? हे गणित तुम्ही करा. क्षेत्र सुमारे हजाराव्या हिश्श्यावर येते. कार्डाला मिळणारी शक्ती क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे ती दहा लाखाव्या हिश्श्यावर! दुकानातील यंत्रे साधारण ४ सेंटिमीटरपर्यंत काम करतील अशीच बनवलेली असतात. पलीकडच्या बाकावर बसलेल्या माणसाने तुमच्या खिशातले कार्ड जागे करावे, हे भौतिकी होऊ देत नाही.

पण अगदी खेटून उभ्या राहिलेल्या माणसाचे काय? येथे उत्तर कार्डासाठी वेगळे आणि फोनसाठी वेगळे आहे. कार्डाला खिसा आणि काउंटर यांतला फरक कळत नाही. क्षेत्र मिळाले की ते जागे होते. म्हणून रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे: गुप्त क्रमांक न विचारता कार्ड टेकवून एका वेळी जास्तीत जास्त ५००० रुपयांचा व्यवहार करता येतो (ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून, त्याआधी ती २००० होती). शिवाय पैसे घेणारे यंत्र कोणत्या तरी दुकानदाराच्या नावे, कोणत्या तरी बँकेच्या खात्याला जोडलेले असते, तेव्हा चोराला आपला पत्ता देऊनच चोरी करावी लागेल. ही सोय ग्राहकाला बँकेच्या अॅपमधून बंदही करता येते. अॅल्युमिनियमचा कागद चुकीचा नाही. बदलत्या क्षेत्रामुळे त्यात आवर्त प्रवाह निर्माण होतात आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतात, म्हणून तो कार्डाला झाकतो. फोन मात्र एरवी गप्प असतो. बोटाचा ठसा किंवा गुप्त क्रमांक देऊन त्याचे कुलूप उघडल्यावरच तो पैसे देण्याचे बोलतो. मला विचाराल तर या बाबतीत फोन कार्डापेक्षा भला.

तरीही एक शंका उरते. कार्डाला जागे करायला जवळ यावे लागते. पण जागे झालेल्या कार्डाचे किंवा फोनचे बोलणे चांगली उपकरणे घेऊन थोड्या लांबून चोरून ऐकता येते. भौतिकीचा पहारा येथे संपतो आणि गणिताचा सुरू होतो.

फोनमधील पाकिटात तुमच्या कार्डाचा खरा क्रमांक ठेवलेलाच नसतो. त्याऐवजी एक पर्यायी क्रमांक असतो, त्याला टोकन म्हणतात. पूर्वी बँकेत चेक दिला की खिडकीवरून पितळी बिल्ला मिळे, तो तुमच्यापैकी कोणाच्या आजोबांना आठवत असेल. बिल्ल्यावरच्या आकड्याचा तुमच्या खात्याशी संबंध काय, ते फक्त बँकेच्या वहीत लिहिलेले असे. रस्त्यावर सापडलेला बिल्ला पाहून कोणालाही तुमचे खाते कळत नसे. टोकन हा तसाच बिल्ला आहे. भारतात रिझर्व्ह बँकेने कार्डांच्या टोकनला जानेवारी २०१९ मध्ये परवानगी दिली.

पण बिल्लाच चोरला तर? म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक नवे उत्तर द्यावे लागते. एक खेळ करू. तुम्ही आणि बँक यांनी मिळून एक दोन अंकी गुप्त संख्या ठरवली आहे. दुकानदार दर वेळी मनाला येईल ती संख्या सांगतो. तुम्ही तिला गुप्त संख्येने गुणायचे आणि गुणाकाराचे शेवटचे दोन अंक सांगायचे. दुकानदार म्हणाला ५२, तुम्ही म्हणालात २४. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला ६१, तुम्ही म्हणालात ५७. बँक तोच गुणाकार करून पाहते आणि पटले तर पैसे देते. काल ऐकलेले २४ घेऊन आज आलेला चोर फसतो, कारण आज प्रश्नच बदललेला असतो.

आता चोराच्या बाजूने विचार करा. पहिल्या दिवशीच्या प्रश्नोत्तरावरून गुप्त संख्या कोणती असेल? तुम्हाला चार संख्या सापडतील. दुसऱ्या दिवसानंतर त्यांतली एकच उरते. शोधून काढा पाहू! म्हणजे आपला खेळ दोन दिवसांत फुटला. खऱ्या पाकिटात गुणाकाराऐवजी अशी रीत वापरतात, की हजारो उत्तरे ऐकूनही मूळ संख्या काढता येत नाही. एईएस ही अशी एक रीत. तिची गुप्त संख्या किमान १२८ द्विमान अंकांची असते. अशा संख्या किती? ३४ वर ३७ शून्ये मांडा, साधारण तेवढ्या. उत्तर तयार करताना यंत्राने सांगितलेली संख्या, रक्कम आणि हा कितवा व्यवहार, हे सगळे त्यात घोळले जाते. गुप्त संख्या फोनमध्ये आधीच ठेवलेली असल्याने त्या क्षणी फोनला इंटरनेट नसले तरी सहसा चालते. बँकेला विचारायचे काम दुकानातील यंत्राचे.

मग चोर हरले का? तसे म्हणवत नाही. गणित फोडण्यापेक्षा माणसाला फसवणे सोपे असते. २०२४ साली झेक प्रजासत्ताकात असे प्रकार उघडकीस आले. बँकेतून बोलत असल्याची बतावणी करून चोरांनी लोकांना फोनवर एक खोटे अॅप घ्यायला लावले आणि स्वतःचेच कार्ड स्वतःच्याच फोनला टेकवायला सांगितले. त्या अॅपने कार्डाचे बोलणे इंटरनेटवरून चोराच्या फोनला पोहोचवले, आणि तो फोन पैसे काढण्याच्या यंत्रापुढे त्या कार्डाचे सोंग घेऊन उभा राहिला. गुप्त क्रमांकही त्या खोट्या अॅपने विचारून घेतलेला होताच. चार सेंटिमीटरांचे अंतर चोराने असे कितीतरी किलोमीटर लांबवले. यावर पुन्हा भौतिकीच कामास येते. प्रकाशसुद्धा एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटरच जातो, आणि इंटरनेटवरून फिरून आलेल्या उत्तराला मिलिसेकंदांचा उशीर होतो. काही कार्डांच्या नियमावलीत हा उशीर मोजून उत्तर नाकारण्याची तरतूद आहे.

शेवटी एक प्रयोग. ३६ गेजची इनॅमल चढवलेली तांब्याची तार घ्या आणि वाटीवर गुंडाळून १०० वेढ्यांची दोन वेटोळी करा. तारेची टोके पॉलिश कागदाने घासा. एक वेटोळे २२ ओहमचा रोध एकसर जोडून लहान रेडिओच्या इयरफोनच्या भोकाला जोडा. दुसरे वर्धक असलेल्या लहान स्पीकरच्या आगमाला. वेटोळी समोरासमोर आणली की मध्ये एकही तार नसताना स्पीकरमधून गाणे ऐकू येईल. मध्ये पुठ्ठा घाला, हात घाला, काही बिघडत नाही. पट्टी लावून अंतर मोजा आणि गाणे कोठे विरते ते वहीत लिहा. मग वेटोळी जवळच ठेवून एक वेटोळे हळूहळू काटकोनात वळवा. गाणे थांबेल. पुढच्या वेळी दुकानात गेलात की कार्ड यंत्रावर आडवे न ठेवता उभे धरून पाहा. दुकानदाराला आधी सांगा म्हणजे झाले.